नोव्हेंबरचा मासा

गेले तीन आठवडे मुलगी पोटभर जेवत होती, आणि आईला त्याचाच घोर लागला होता.

दुसऱ्या एखाद्या घरात याचा आनंद झाला असता. त्याआधीचे तीन महिने या मुलीने ताटात नुसती बोटं फिरवली होती; समोर काय वाढलंय हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. आणि आता ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती, भांडी विसळताना गुणगुणत होती, कामावर जाताना आरशासमोर उभं राहून केस विंचरत होती. शेजारीण म्हणाली, सुटलात बाई एकदाच्या, पोरगी सावरली. आईने हो हो केलं. पण रोज संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली आणि पावलांबरोबर ती गुणगुण वर चढू लागली, की आई हातातलं काम टाकून कान देऊन उभी राहायची.

कारण ही गुणगुण तिने याआधी एकदा ऐकली होती.

तेव्हा मुलगी पाचवीत होती. शेजारच्या बाकावरच्या मुलीने हिचं चित्र पाहून तसंच्या तसं काढलं, हिच्या आधी नेऊन दिलं आणि बक्षीस घेतलं. ही ना रडली, ना बाईंकडे गेली. घरी आली, पोटभर जेवली आणि वर्षभर गुणगुणत राहिली. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी हिने वहीत मुंगी काढली. इतकी सुरेख, की पायांवरची लव दिसावी. मग वही बाकावर उघडी टाकून पाणी प्यायला गेली. मुंगीला पाय पाचच होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या दुसऱ्या मुलीला फळ्यापाशी उभं केलं आणि अख्ख्या वर्गाकडून तिच्या मुंगीचे पाय मोजून घेतले.

घरी हे ऐकून आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. नातेवाइकांना वर्षभर सांगत फिरली होती. आता मुलगी एकतीस वर्षांची होती, आणि आईला कळत नव्हतं की या वेळी पाच पायांची मुंगी कुठे ठेवलीय.

मुलीला कामावर सगळे रिबन म्हणत. नाव ठेवलं प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी. ती प्राणिशास्त्राच्या विभागात तंत्रज्ञ होती, सहा महिन्यांच्या करारावर; तो करार वाढवत वाढवत नऊ वर्षं झाली होती. काम असं, की मेणात बसवलेला प्राण्याच्या मांसाचा इवलासा तुकडा यंत्राला लावायचा आणि चाक फिरवायचं. पात्याखालून कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ काप निघतात, एकाला एक चिकटून, लांबलचक. ती मेणाची रिबन ब्रशच्या टोकाने उचलायची, कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेच्या पट्टीवर अलगद घ्यायची. पंखा बंद, खिडक्या बंद, शिंक येतेय असं वाटलं तर आधी दाराबाहेर. इतरांची रिबन वीतभर निघून तुटायची. हिची टेबलाच्या कडेला जाऊन पोचायची. मामा म्हणाले, ही पोरगी नव्हे, ही रिबनच आहे. तेव्हापासून तेच नाव चिकटलं. आईला आधी राग आला, मग तीही कधीमधी त्याच नावाने हाक मारू लागली.

पहिल्या वर्षी रिबनची बोटं पिवळी दिसायला लागली तेव्हा आईने तिला कावीळ झाली म्हणून दोन डॉक्टरांकडे नेलं. दुसऱ्या डॉक्टरांच्या दारात मुलगी शांतपणे म्हणाली, आई, हा आमच्या औषधाचा रंग आहे, मांस नासू नये म्हणून त्यात बुडवून ठेवतो. मग सांगितलं का नाहीस, असं आईने विचारलं. तर म्हणे, तू विचारलं कुठे, तू थेट रिक्षा बोलावलीस.

आई अशीच होती. नळाला पाणी कमी आलं तरी तिला वाटायचं की कुठेतरी नळ फुटला असणार. एकदा प्रयोगशाळेत खरंच छतातला नळ फुटला आणि कुणाचे तरी दोन वर्षांचे कागद भिजून लगदा झाले. त्या दिवसापासून आईने मुलीच्या मागे धोशा लावला, लिहिलेलं तिथे ठेवायचं नाही, रोज घरी आणायचं. मुलगी कुरकुरत का होईना, आणत गेली. तिची निळ्या पुठ्ठ्याची वही आईच्या कपाटात, चादरींच्या घडीत असायची. आईच्या त्या धास्तीतून पुढे काय काय होणार होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वहीत माशांचं काम होतं. रिबनचं स्वतःचं.

तिला पुढे शिकायचं होतं. मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, तिला दरवर्षी सांगत, आधी काहीतरी काम करून दाखव, मग नोंदणीचं बघू. म्हणून तिने काम शोधलं. गावाबाहेर तळ्यावर माशांची पैदास करणारे एक काका होते. सिमेंटच्या टाकीत कोंडलेले मासे आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना टोचावं लागतं. आणि टोचायचं काय, तर दुसऱ्या माशाच्या मेंदूखाली असलेली पिट्युटरी नावाची ग्रंथी. मोहरीच्या दाण्याएवढी. काका बाजारातून माशांची डोकी आणत, कवटी उघडत, मेंदू बाजूला सारून खालच्या खळग्यातून तो दाणा चिमट्याने उचलत आणि अल्कोहोलच्या बाटलीत टाकून घरच्या फ्रिजमध्ये ठेवत, पुढच्या वर्षीच्या हंगामासाठी. दूध आणि माशांच्या ग्रंथी एका फळीवर, यावरून काकूंशी त्यांचं चाळीस वर्षं भांडण चालू होतं.

त्या दाण्यात कोणत्या महिन्यात किती जोर असतो, हे काकांना बोटांनी कळायचं. पण आत नेमकं काय बदलतं ते इथल्या पाण्यातल्या माशांत कुणी महिनावार पाहिलं नव्हतं. रिबनने पाहायचं ठरवलं. काकांनी दर महिन्याला तिला मासे दिले, डोकं उघडायला शिकवलं, आणि बदल्यात एवढंच म्हणाले, झालं की मलाही सांग पोरी, मी कशावर जगतोय ते.

बारा महिने, बारा मेणाचे ठोकळे. काम संपल्यावर थांबून, सुट्ट्यांच्या दिवशी जाऊन तिने ते कापले. शेवटी एका रविवारी आईलाही घेऊन गेली. बंद पंख्याच्या त्या खोलीत आईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थंडीतल्या माशाच्या ग्रंथीत पेशी आक्रसलेल्या, फिक्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या होत्या. मार्चमध्ये त्या फुगायला लागल्या होत्या. मे महिन्याच्या काचेवर तर टम्म भरलेल्या, आत गडद दाणे खच्चून ठासलेले.

“आणि हा जुलै,” रिबन म्हणाली आणि काच बदलली.

पेशी तेवढ्याच होत्या, पण आत पांढरी भोकं. सगळं उपसून नेलेलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ही तर बाळंतीण झालेली दिसतेय बिचारी.”

मुलगी खळखळून हसली. असं तिला हसताना आईने त्यानंतर पाहिलं नाही.

कारण फेब्रुवारीत आईच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. शस्त्रक्रिया करावी लागली. घरात दोघीच, वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. रिबनने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि आईच्या खाटेशेजारी बसून राहिली. चौथ्या दिवशी मोठ्या सरांचा फोन आला. मुलगी औषधं आणायला गेली होती म्हणून आईनेच घेतला. सर फार मायेने बोलले. म्हणाले, आई, तुम्ही स्वस्थ पडून राहा, इकडचं काही मनात आणू नका, तिचं सगळं मी सांभाळतो.

आणि सांभाळलंच त्यांनी. मुलगी रजेवरून परत गेली तेव्हा तिच्या कोपऱ्यातलं काचांचं कपाट जागेवर नव्हतं. ते सरांच्या खोलीत होतं, कुलूप लावून. महिन्याभरात विभागाच्या बैठकीत सरांनी जाहीर केलं की गोड्या पाण्यातल्या माशांच्या ग्रंथीवरचं त्यांचं आणि त्यांच्या जावयाचं काम पुरं होत आलंय. रिबन तेव्हा मागे उभी राहून कप गोळा करत होती. तिने जाऊन विचारलं, तर सर म्हणाले, अगं, काप तू काढलेस, ते तुझं कामच आहे, त्याचा पगार मिळतो ना तुला? नंतर जे पत्रक छापलं त्यात शेवटी बारीक अक्षरांत ‘प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार’ होते. नाव नाही, काही नाही.

आईला हे समजलं तेव्हा तिची टाके घातलेली जागा ठणकायला लागली. त्या फोनवर तिने त्या माणसाला धन्यवाद दिले होते. दोनदा. एकदा तर म्हणाली होती, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून. ते आठवलं की तिला स्वतःची जीभ हासडून काढावीशी वाटे. मुलीने डूख धरला होता तो धरलाच होता, पण आईचाही काही कमी नव्हता. फक्त आईच्या डुखाला करायला काही नव्हतं. ती धुणं जरा जास्त आपटायची, इतकंच.

आणि मग मेअखेर ही गुणगुण सुरू झाली.

शेवटी आईने जे कधी करायचं नाही असं ठरवलं होतं ते केलं. मुलगी अंघोळीला गेली असताना तिची पिशवी उघडली. आत ते पत्रक होतं, जिल्ह्यातल्या सगळ्या मत्स्यपालकांना वाटण्यासाठी छापलेलं. जुलैच्या पहिल्या शनिवारी मोठी सभा, सरांचं भाषण, सरांचा सत्कार. आत एक आलेख, आणि ठळक अक्षरांत शोध: आजवर सगळे ग्रंथी मे महिन्यात गोळा करतात, ही चूक आहे. ग्रंथी सर्वांत भरलेली असते जुलैत. अंडी घालून झाल्यावर ती पुढच्या वर्षीची साठवण करते. यापुढे ग्रंथी जुलैतच गोळा कराव्यात.

आईने ते दोनदा वाचलं. जुलै? तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती ती पांढरी भोकं. ती कपाटाकडे गेली, चादरींच्या घडीतून निळी वही काढली आणि पहिलं पान उघडलं. मुलीच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं: ठोकळा एक, नोव्हेंबर.

आईने कधी काळी महाविद्यालयात गणित घेतलं होतं. पण याला गणित कशाला, बोटंच पुरली. एक नोव्हेंबर, तीन जानेवारी, सात मे. काचेवर लिहायला जागा असते ती नखाएवढी, तिथे मुलगी फक्त आकडा कोरायची. महिने वहीत, आणि वही इथे, चादरींत. बारा आकडे समोर आल्यावर सरांनी एक म्हणजे जानेवारी धरला होता. मग सात म्हणजे जुलै. दोन महिन्यांनी सगळं वर्ष सरकलं होतं, आणि त्या सरकलेल्या वर्षाला त्यांनी किती सुंदर कारणसुद्धा शोधलं होतं.

मुलगी केस पुसत बाहेर आली. आईच्या मांडीवर एका बाजूला वही होती, एका बाजूला पत्रक.

“त्यांनी तुला विचारलं नाही?” आई म्हणाली.

रिबनने टॉवेल खांद्यावर टाकला. “स्वतः कसे विचारतील? विचारलं तर काम माझं आहे असं कबूल केल्यासारखं होतं. मामांना पाठवलं. मामा आले, म्हणाले, सर विचारतायत, एक नंबर म्हणजे जानेवारीच ना गं?”

“मग?”

“मी काचा धूत होते. मान हलवली.”

तेवढंच. एक मान हलवणं. आईला मुंगी सापडली.

खरं सांगायचं तर आधी तिला जे वाटलं ते भय नव्हतं. अंगभर एक ऊब पसरली, थंडीत चुलीपुढे बसल्यासारखी. तिच्या डोळ्यांसमोर सर उभे राहिले, सत्काराच्या खुर्चीत, शेजारी जावई. मुलीने शांतपणे सगळं सांगितलं. सर म्हणतात म्हणून यंदा सगळे जुलैत ग्रंथी गोळा करतील. पुढच्या मे महिन्यात माशांना टोचतील. काही होणार नाही. अख्खा हंगाम कोरडा जाईल, एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या टाक्यांत. मग लोक सरांच्या दारात जातील. आणि तेव्हा, त्या दिवशी, ती वही घेऊन जाणार, टेबलावर ठेवणार आणि पहिलं पान उघडणार. ज्याने काम केलं त्यालाच ठाऊक असेल की पहिला मासा नोव्हेंबरचा होता. तिला काही बोलावंसुद्धा लागणार नाही.

“दहा महिने,” आई म्हणाली.

“मुंगीला वर्ष थांबले होते.”

ती जेवायला बसली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आणि आईनेही त्या दिवशी, अनेक दिवसांनी, चवीने चार घास खाल्ले. काकांचं काय, असा एक प्रश्न मनाच्या दारात येऊन उभा राहिला होता. तिने त्याला आत घेतलं नाही. मुलगी सांगेल त्यांना वेळेवर, असं स्वतःशी म्हणून मोकळी झाली.

प्रश्न तिथेच उभा राहिला आणि रविवारी दुपारी स्वतःच्या पायांनी जिना चढून आला.

तळ्यावरचे काका सभेचं निमंत्रण घेऊन आले होते. अंगात धुतलेला शर्ट, आणि तरी खोलीभर पाण्याचा, शेवाळाचा वास. रिबन आतल्या खोलीत इस्त्री करत होती. आईने हाक मारली, तर हात गुंतलेत असं आतूनच म्हणाली. काका म्हणाले, राहू दे ताई, काम करतेय ती. त्यांनी चहा घेतला आणि मोठ्या अपूर्वाईने सांगू लागले की सभेत आभार मानायचं काम त्यांच्याकडे आलंय, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माइक हातात देतंय, काकू म्हणते की एकदा दिला की हा परत करणार नाही.

मग कप खाली ठेवून म्हणाले, “एक विचारू का ताई, तुम्ही शिकलेल्या. जुलैत मी डोकं उघडतो ना, मला तिथे चपटं, फिकट काहीतरी दिसतं. रिकाम्या पिशवीसारखं. इतकी वर्षं तसंच दिसतंय. आणि सर म्हणतात भरलेली असते. त्यांनी यंत्रातून पाहिलंय. म्हणजे माझेच डोळे गेले म्हणायचे. आणि बोटंही.”

त्यांनी बोटं समोर धरून पाहिली. जाड, फुगलेली, नखांशी चिरा पडलेली.

आतल्या खोलीत इस्त्रीचा आवाज थांबला होता. गुणगुणही.

आई काहीतरी बोलली. सरांचं काही सांगता येत नाही, किंवा तसंच काही, तिलाच नीट ऐकू आलं नाही. काका उठले. दाराशी चपला घालता घालता म्हणाले, निदान काकू तरी खूश आहे. उद्या सकाळी मे महिन्याच्या सगळ्या बाटल्या काढून टाकणार आहे. फ्रिज मोकळा करायचाय, जुलैचा माल ठेवायचा तर जागा नको?

“टाकणार?” आई म्हणाली. “सगळ्या?”

“मग जुन्या चुकीचं काय करायचं?” काका हसत म्हणाले आणि जिना उतरून गेले.

आई दारातच उभी राहिली. तोंडाशी आलेलं तिने गिळलं होतं, कारण आत मुलगी होती. हे तिला नंतर कितीतरी दिवस खुपत राहणार होतं, हे तिला तिथेच कळलं.

आत गेली तर रिबन शर्टाची कॉलर दाबत होती, एकच कॉलर, पुन्हा पुन्हा.

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“तू त्यांना सांगणार होतीस.”

“होते.” इस्त्री उभी केली. “आभार मानणार आहेत ते. कुणाचे, ऐकलंस ना? वर्षभर मासे मला दिले. दर महिन्याला तळ्यावर मी जायचे, थंडीत गुडघाभर पाण्यात मी उभी राहायचे. तो जावई एकदा तरी आला होता तळ्यावर? पत्रक हातात पडल्यावर यांनी मला एकदा तरी विचारलं का, पोरी, हे तुझं ना?”

काकांनी विचारायला हवं होतं. भोळी माणसंही कधी कधी सोयीपुरती भोळी असतात.

“बरं,” ती म्हणाली. “काकांचं सोड. आजीबाईने काय केलंय?”

आजीबाई म्हणजे काकांची सर्वांत जुनी मादी मासा, शेपटीचा एक तुकडा गेलेली. पाण्यात हात घातला की येऊन बोटं चाचपायची. रिबनच्या मोबाइलमध्ये माणसांपेक्षा तिचेच फोटो जास्त होते.

“रिकामी ग्रंथी टोचली की अंडी पोटात अडकतात आणि मादी मरते. हे मला कुणी सांगितलं? तूच ना?” आई म्हणाली.

मुलीने हलक्या आवाजात तेच सांगितलं जे आईला ठाऊक होतं आणि ऐकायचं नव्हतं. काकांच्या पोटात काही राहत नाही. त्यांना आज सांगितलं की उद्या बाजाराला कळेल आणि परवा सरांना. सर पत्रक मागे घेतील. छपाईची चूक म्हणतील, दोन आकडे बदलतील, आलेख दोन घरं मागे सरकवतील, आणि मग तेच काम बरोबर होऊन कायमचं त्यांच्या नावावर जाईल. ती चूक हाच एक पुरावा होता. चूक गेली की रिबन नावाची कुणी तिथे कधी नव्हतीच.

आई खाटेच्या कडेवर बसली. टाक्यांच्या जागेवर नकळत हात गेला.

“मी तुला सोडून दे म्हणत नाही,” ती म्हणाली. “त्या माणसाला मीसुद्धा सोडणार नाही. मी त्याला धन्यवाद दिलेत, तुला माहीत नाही. पोटाला टाके, नाकात नळी, आणि मी म्हणतेय, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून. मला त्याचं तोंड बघायचंय. पण मला दहा महिने थांबायचं नाही गं. मला येत्या शनिवारी बघायचंय. आणि त्यासाठी आजीबाई मरायला नको आहे.”

रिबनने पहिल्यांदाच मान वर केली.

आई बोलत गेली तसं तिचं तिलाच स्पष्ट होत गेलं. काकांना वही दाखवायची गरजच नव्हती. पहिला मासा त्यांनी स्वतः दिला होता. तो कधी दिला हे ते विसरणं शक्य नव्हतं, कारण त्याच दिवशी सफाईसाठी मोठं तळं उपसलं होतं आणि तळं वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात उपसतात. शनिवारी माइक त्यांच्या हातात असणार. आभार मानता मानता भरल्या सभागृहात त्यांनी एवढंच विचारायचं: सर, पहिला मासा मी कोणत्या महिन्यात दिला होता? सर म्हणणार जानेवारी. आलेखावर छापलंच आहे तसं. आणि पहिला मासा नोव्हेंबरात, तळं उपसलं त्या दिवशी कुणाला दिला, हे मग तळ्यावरची दहा माणसं सांगतील. आई दुसऱ्या रांगेत बसणार होती, बरोबर जावयाच्या मागे. त्याचे कान लाल होताना तिला पाहायचे होते.

“आणि शनिवारपर्यंत काका गप्प बसतील?” मुलगी म्हणाली.

“नाही बसणार बहुतेक.”

“मग?”

“मग आपलं नशीब. पण बाटल्या उद्या सकाळी जातायत.”

रिबनने इस्त्रीचं बटण बंद केलं, शर्ट घडी करून ठेवला आणि आईच्या बाजूने दाराकडे गेली.

“फोन करायचा तर कर,” पाठमोरीच म्हणाली. “पण वही त्यांना दाखवायची नाही. आधी सर जानेवारी म्हणू देत, सगळ्यांसमोर. मग वही मी आणणार. मीच उघडणार.”

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. गुणगुण आली नाही.

आईने चष्मा लावला. काकांचा नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर होता, पाण्याने थोडा फिसकटलेला. त्याखाली पिवळ्या बोटाचा ठसा. ती मनात शब्द जुळवत होती. आधी बाटल्या. भाऊ, एकही बाटली हलवू नका, काकूंनी कितीही डोकं खाल्लं तरी. मग डोळ्यांचं सांगायचं, डोळे गेलेले नाहीत तुमचे, बोटंही नाहीत. मग तो प्रश्न, महिन्याचा. आणि शेवटी आजीबाईची शपथ घालायची, शनिवारपर्यंत तोंड उघडलंत तर बघा. निदान शुक्रवारपर्यंत तरी पाळतील.

तिने आकडे एकेक करून दाबले आणि फोन कानाला लावला.